मोह, परीक्षा आणि तृप्ती : मराठी ख्रिस्ती उपासनाकाव्याच्या वाचनाची एक दिशा

१

मराठीतील ख्रिस्ती उपासनाकाव्याकडे आपल्या समीक्षेने दोनच अंगांनी पाहिले आहे. एक, वाङ्मयेतिहासाचे दालन म्हणून. त्या दालनात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ला भाषिक चमत्काराचा आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांना 'फुला-मुलांच्या कवी'च्या उत्तरायुष्यातील धार्मिक परिशिष्टाचा मान मिळतो. दुसरे अंग धर्मप्रसाराचे. या अंगाने पाहणारा समीक्षक रचनेतील भावार्थापेक्षा तिच्या हेतूचीच चौकशी करतो. या दोन्ही दृष्टींमध्ये एक गोष्ट निसटते. हे काव्य मुळात उपासनेसाठी रचले गेले, आणि उपासना ही केवळ स्तुती नसून मनाच्या ओढीला दिलेले वळण असते. माणूस कशाकडे ओढला जातो आणि कशाने तृप्त होतो, हा या काव्याचा केंद्रवर्ती प्रश्न आहे. तो काव्यगत प्रश्न म्हणून वाचता येईल काय, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करणे सोयीचे ठरेल. ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतील अखेरच्या मागण्यांपैकी एक मागणी प्रॉटेस्टंट परंपरेच्या मराठी बायबलात 'परीक्षा' या शब्दाने येते. कॅथलिक उपासनेत तिथे 'मोह' हा शब्द रूढ आहे. मूळ ग्रीक 'पेइरास्मॉस्' या शब्दात कसोटी आणि भुलावण हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीला ते एका शब्दात धरता येत नाहीत. 'परीक्षा' म्हटले की परीक्षक डोळ्यांसमोर येतो आणि परीक्षा घेणारा देवच असल्याचा भास होतो. 'मोह' म्हटले की षड्रिपूंची यादी जागी होते. ही अडचण केवळ मराठीची नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये याच ओळीच्या इटालियन रूपाविषयी आक्षेप नोंदवला होता, आणि २०२० मध्ये इटलीतील चर्चच्या उपासनाग्रंथात ती ओळ बदलली गेली. मात्र मराठीतील पेच अधिक खोल आहे, कारण 'मोह' या शब्दामागे एक संपूर्ण दर्शन उभे आहे.

आपल्या परंपरेत मोह हा प्रथमतः ज्ञानाचा दोष आहे. वस्तूचे खरे स्वरूप न कळणे म्हणजे मोह. गीतेच्या अखेरीस अर्जुन आपला मोह नष्ट झाल्याचे सांगतो तेव्हा त्याचे आकलन स्वच्छ झालेले असते. त्यामुळे मोहावरचा उपाय हा विवेक किंवा ज्ञान ठरतो. बायबलमधील मोह मुख्यतः संकल्पाचा दोष आहे. एदेन बागेतील स्त्रीला आज्ञा ठाऊक आहे, ती सर्पाला ती बोलूनही दाखवते. तरीही हात फळाकडे जातो. येथे उणीव ज्ञानाची नाही, निष्ठेची आहे. साहजिकच तेथील उपायही ज्ञान हा नसून भजन हा आहे. मराठी ख्रिस्ती कवीला या दोन अर्थांच्या सीमेवर उभे राहून लिहावे लागले. त्याच्या यशापयशाचा विचार या सीमेपासूनच सुरू व्हायला हवा.

२

अरण्यातील ख्रिस्ताच्या परीक्षेचा प्रसंग या संदर्भात आदिबंधासारखा आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर सैतान तीन गोष्टी सुचवतो : दगडांच्या भाकरी कराव्यात, मंदिराच्या शिखरावरून उडी घ्यावी आणि जगातील राज्यांच्या मोबदल्यात आपल्याला वंदन करावे. भूक, चमत्कार आणि सत्ता अशी ही तीन आवाहने आहेत. तिन्ही उत्तरे 'अनुवाद' या जुन्या करारातील ग्रंथाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून घेतलेली आहेत. याचा अर्थ असा की ख्रिस्त येथे स्वतःचे नवे वचन उच्चारत नाही. आपल्या लोकांच्या पाठांतरातले वचन तो उचलतो. मोहाच्या क्षणी उपयोगी पडते ते त्या क्षणी सुचलेले नव्हे, तर नित्य उपासनेने आधीच जिभेवर रुळलेले.

या प्रसंगाच्या रचनेतील एक तपशील समीक्षकाने लक्षात घेण्याजोगा आहे. लूकच्या शुभवर्तमानात मंदिराच्या शिखराचा प्रसंग शेवटी येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात राज्यांचा प्रसंग शेवटी येतो आणि त्यामुळे एका देवाचीच उपासना करण्याचे वचन हे संपूर्ण संघर्षाचे अंतिम वाक्य ठरते. मत्तयाच्या क्रमात मोहाचा शेवट निग्रहात होत नाही, उपासनेत होतो. भाकरीला दिलेला नकार हा भाकरीचा धिक्कार नाही. पुढे हाच ख्रिस्त पाच भाकरींनी हजारोंना जेवू घालतो. नाकारलेली गोष्ट वस्तू नसून तिने देवाची जागा घेणे ही आहे. चौथ्या-पाचव्या शतकांतील ऑगस्टीन या विचारवंताने हाच भेद 'उती' आणि 'फ्रुई' या लॅटिन क्रियापदांनी मांडला : काही गोष्टी वापरायच्या असतात, आणि ज्याच्या ठायी मन विसावावे असा एकच असतो. मोह म्हणजे वापरायच्या गोष्टीत विसावा शोधणे. ही मांडणी ध्यानी घेतली म्हणजे उपासनाकाव्यात वारंवार येणारी तृप्तीची भाषा केवळ भावुकतेची भाषा राहत नाही.

३

मराठीत या आशयाला पहिले मोठे रूप दिले ते 'क्रिस्तपुराणा'ने. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या प्रदेशात राहिले. त्यांचे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत : पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे ख्रिस्तचरित्राचे. जोझेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून त्याची आवृत्ती काढली, तर शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ते देवनागरीत आणले. ग्रंथाच्या निमित्ताबद्दलचा उल्लेख ग्रंथातच आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांना धर्मतत्त्वे शिकवली गेली होती. परंतु पूर्वी ज्या पुराणश्रवणात त्यांचे मन रमत असे, त्याची जागा मोकळी राहिली होती. त्या मोकळ्या जागेसाठी हा ग्रंथ रचला गेला.

हा तपशील आपल्या विवेचनाच्या दृष्टीने मोलाचा आहे. मनाची गोडी निषेधाने नाहीशी होत नाही, तिला दुसरी गोडी द्यावी लागते, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते. गोव्यातील त्या काळची धर्मसत्ता निषेधावर विसंबली होती. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशनची स्थापना झाली होती. पुराणश्रवण हा सत्तेच्या लेखी मोह होता. स्टीफन्स यांच्या लेखी ते आकार शोधणारे एक रसग्रहणसामर्थ्य होते. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजणे, ओवीचा आश्रय घेणे आणि मंगलाचरणाचा साचा स्वीकारून त्यात त्रैक्याचे स्तवन करणे या गोष्टींकडे केवळ सोयीची तडजोड म्हणून पाहता येत नाही. पूर्वीच्या गोडीचा त्यांनी उच्छेद केला नाही, तिला नवा विषय दिला.

तथापि 'क्रिस्तपुराणा'ची मर्यादाही येथेच आहे. पुराणाचा निवेदक सर्वज्ञ असतो. मोहाचा प्रसंग तो सांगतो, त्याचा अर्थ लावतो, श्रोत्याला सावध करतो. आदामाचा मोह श्रोत्यासमोर घडतो, पण श्रोता स्वतः त्या मोहात सापडत नाही. 'मी'चा उच्चार करणारा मोहग्रस्त कवी या ग्रंथात नाही आणि ग्रंथाच्या प्रकृतीनुसार तो असूही शकत नाही. पुराणाकडून अभंगाकडे जाण्यासाठी मराठी ख्रिस्ती काव्याला जवळजवळ तीन शतके वाट पाहावी लागली.

४

मधल्या काळात मराठी समाजात 'मोह' या शब्दाला ख्रिस्ती संदर्भात आणखी एक छटा चिकटली आणि ती बाजूला ठेवून पुढे जाता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात धर्मांतर करणाऱ्यावर पहिला आरोप होई तो मोहाला बळी पडल्याचा. नोकरी, शिक्षण, अन्न, साहेबाची मर्जी यांपैकी कोणते तरी आमिष त्याने गिळले, असे गृहीत धरले जाई. म्हणजे जो आपण मोहातून सुटलो असे म्हणत होता, त्यालाच समाज मोहात पडलेला ठरवत होता. या उपरोधाची पार्श्वभूमी कोकणाला नवी नव्हती. राजापूरच्या बंदरात सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. टोपीकर परमुलखातून येतो तो आधी मालाचे गाठोडे आणि मग राज्याची हाव घेऊन, हा कोकणच्या किनाऱ्याने इतिहासातून घेतलेला धडा होता. अरण्यातील परीक्षेची भाषा वापरायची तर, भाकर आणि राज्ये या सैतानाच्या दोन्ही भेटी येथे ख्रिस्ताचे नाव लावणाऱ्यांच्या गलबतांतून आल्याचे दिसत होते.

नारायण वामन टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. रेल्वेप्रवासात एका युरोपियन गृहस्थाने दिलेला नवा करार, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने घेतलेली पकड आणि १८९५ मधला बाप्तिस्मा हा इतिहास सर्वपरिचित आहे. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की टिळकांच्या काव्यातील मोहविचार हा त्या सामाजिक आरोपाला दिलेल्या उत्तरापासून वेगळा काढता येत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त त्यात यावेत अशी त्यांची इच्छा होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. अखेरच्या या वर्षांतील त्यांची कृती म्हणजे आमिषाच्या आरोपाचे आचरणाने केलेले खंडन होते. परंतु तिचा रोख केवळ बाहेरच्या टीकाकारांकडे नव्हता. संस्थेचे छत्र, ठरलेले वेतन, परक्या रीतीची प्रतिष्ठा हा ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला येणारा खास मोह आहे, ही जाणीव त्या कृतीत आहे.

या जाणिवेची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त दिसते. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राला आपण सहसा विनोद आणि प्रांजळपणा यांच्या आधारे गौरवतो. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत अर्थपूर्ण धागा सोवळ्याचा आहे. नवऱ्याच्या धर्मांतरानंतरही लक्ष्मीबाई आपले पाणी आणि स्वयंपाक वेगळा ठेवतात. त्यांची सुटका कोणत्याही चमत्काराने होत नाही. जात ही देवाने केलेली नसून माणसाने केली आहे, हा विचार एके दिवशी त्यांच्या मनात पक्का होतो आणि कोणाच्याही हातचे पाणी पिण्याची त्यांची तयारी होते. येथे मोह म्हणून उभे राहते ते विषयसुख नव्हे, तर शुचितेचे सुख. स्वतःला इतरांहून शुद्ध मानण्यातील समाधान हे माणसाला मिळणारे अतिशय टिकाऊ समाधान असते. म्हणूनच ते सोडणे कठीण असते. 'क्रिस्तपुराणा'तील सर्पापेक्षा 'स्मृतिचित्रे'तील पाण्याची घागर मोहाचे स्वरूप अधिक नेमके दाखवते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

५

आता तृप्तीकडे वळू. मोहाचा प्रतिकार हा काव्याचा पूर्वार्ध असेल तर देवाच्या ठायी तृप्ती हा त्याचा उत्तरार्ध होय, आणि काव्यदृष्ट्या तो अधिक अवघड आहे. तृप्त माणसाला बोलण्याचे कारण काय? संघर्ष संपल्यावर कविता कशी उरावी?

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न शांत रसाच्या निमित्ताने हाताळला आहे. आनंदवर्धनांनी शांताचे लक्षण तृष्णाक्षयातून येणाऱ्या सुखाच्या परिपोषाशी जोडले. तहान मावळते आणि जो निवांतपणा उरतो त्याचा हा रस. पुढे मधुसूदन सरस्वती आणि बंगालमधील वैष्णव आचार्य यांनी भक्ती हा स्वतंत्र रस मानला. तिथे तहान मावळत नाही, तिला आलंबन मिळते. टिळकांचे अभंग कोणत्या पक्षात बसतात? वरवर पाहता ते शांताचे वाटतात. भाषा सौम्य आहे, स्वर समर्पणाचा आहे. परंतु त्यांतील भावव्यापार बारकाईने पाहिला तर उलट चित्र दिसते. इंग्रजी अनुवादामुळे महाराष्ट्राबाहेरही परिचित झालेल्या त्यांच्या एका रचनेचा आशय असा आहे की प्रभू जितका लाभतो तितकी त्याची ओढ वाढते. दृष्टी दर्शनाने निवते न निवते तोच तिची भूक पुन्हा जागी होते. ही तृष्णाक्षयाची तृप्ती नव्हे. येथे तृप्ती आणि तृष्णा एकमेकींना संपवत नाहीत, वाढवतात.

या फरकाला कोकणच्या अनुभवविश्वातील एक प्रतिमा चांगली उजळते. राजापूरजवळ उन्हाळे येथे गंगेचे तीर्थ आहे. चौदा कुंडांत पाणी अकस्मात प्रकटते, काही काळ वाहते आणि नाहीसे होते. साधारणतः तीन वर्षांनी गंगा येते असा लोकांचा अनुभव आहे. मात्र अलीकडे हे वेळापत्रक पुष्कळदा मोडलेले दिसते. भूगर्भातील पोकळीत साठलेले पाणी विशिष्ट पातळी गाठताच वक्रनलिकेच्या तत्त्वाने बाहेर पडत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मोरोपंतांनाही या तीर्थावर काव्य करावेसे वाटले होते. गंगा आल्याची वार्ता पसरली की माणसे लोटतात; ती गेली की कुंडे कोरडी पडतात आणि वाट पाहणे सुरू होते. या तीर्थाच्या भक्तिभावात तृप्ती ही आगमनाची घटना आहे. ती येते तेव्हा कृपा असते, नसते तेव्हा प्रतीक्षा असते.

योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीच्या कथेत ख्रिस्त विहिरीच्या काठी बसून दुसऱ्या प्रकारच्या पाण्याची गोष्ट करतो : पिणाऱ्याच्या आतच झरा होणाऱ्या पाण्याची. तृप्तीचे हे दोन आकृतिबंध आहेत, एक बाहेरून अवचित येणाऱ्या पाण्याचा, दुसरा आत सतत झिरपणाऱ्या पाण्याचा. टिळकांचे श्रेष्ठत्व असे की त्यांनी दुसऱ्या आकृतिबंधावर श्रद्धा ठेवूनही पहिल्याचा अनुभव लपवला नाही. झरा आत आहे असे सांगणारा हा कवी पुन्हा पुन्हा कोरड्या कुंडाशी उभा असतो. सिद्धान्त झऱ्याचा आणि भाववृत्ती तीर्थाची, या ताणातून त्यांच्या अभंगातील 'मी' जन्मतो. वारकरी परंपरेशी त्यांचे नाते येथेच जुळते. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्या पुलाचा अर्थ केवळ छंदापुरता घेऊ नये. विठ्ठल डोळ्यांपुढे उभा असतानाही त्याच्याशी भांडणारी, मागणारी, रुसणारी जी भाववृत्ती तुकोबांनी मराठीला दिली, तिच्यामुळेच टिळकांना तृप्तीतील अतृप्ती बोलता आली.

६

या कसोटीवर मराठी चर्चमधील गीतभांडार पाहिले तर उंचसखलपणा स्पष्ट होतो. 'उपासना संगीत' या संग्रहात टिळकांच्या आणि इतर देशी कवींच्या रचना आहेत, तशीच इंग्रजी गीतांची भाषांतरेही आहेत. भाषांतरित गीतांपैकी बऱ्याच गीतांत मोह हा शब्द येतो, पण मोह येत नाही. पाश्चात्त्य चालीच्या मात्रांत बसवण्यासाठी शब्दांची ओढाताण होते, पाप-सैतान-विजय अशी सूत्रे एकामागून एक येतात, आणि शेवटच्या कडव्यात तृप्ती हिशेबातल्या बाकीसारखी मांडली जाते. गाणाऱ्याला कशाचा मोह पडला होता हे शेवटपर्यंत कळत नाही. याउलट अहमदनगरच्या मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुजलेले ख्रिस्ती कीर्तन आणि टिळकांनी आग्रहाने उपासनेत आणलेले भजन यांत श्रोत्याचे स्वतःचे जगणे शिरायला वाव असतो. कीर्तनकार आख्यान थांबवून समोरच्या माणसाच्या घरातले उदाहरण देतो. भजनात ध्रुपद पुन्हा येते तेव्हा प्रत्येकाचे ओझे त्यावर पडते.

येथे देशीवादी भूमिकेतून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा धोका आहे : देशी छंद म्हणजे अस्सल, परका छंद म्हणजे नक्कल. तसे मानणे योग्य होणार नाही. स्टीफन्स स्वतः परके होते आणि ओवीवर त्यांचे प्रभुत्व निर्विवाद आहे. उलट देशी वृत्तांतली पुष्कळशी ख्रिस्ती पदे निर्जीव आहेत. निर्णायक गोष्ट छंद नसून मोहाला दिलेले नाव आहे. ज्या रचनेत मोह सार्वत्रिक आणि निनावी असतो तिथे तृप्तीही निनावी राहते. जिथे तो घागरीच्या सोवळ्याचा, वेतनाच्या सुरक्षिततेचा, प्रतिष्ठेच्या भुकेचा असतो, तिथे तृप्तीलाही चेहरा येतो.

यावर असा आक्षेप घेता येईल की उपासनाकाव्याला वाङ्मयीन निकष लावणेच गैर आहे. ज्याला त्या गीताने बळ दिले त्याला समीक्षकाच्या मान्यतेची गरज नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. भक्ताच्या तृप्तीचे मोजमाप समीक्षा करू शकत नाही आणि तिने करूही नये. परंतु भाषा खोटी पडली की प्रथम उपासनेचीच हानी होते. ज्या शब्दांत माणूस आपला खरा मोह बोलू शकत नाही, त्या शब्दांत तो खरी शरणागतीही बोलू शकत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी 'सुबोध बायबल'चा खटाटोप याच जाणिवेने केला : पोथीनिष्ठ मराठी आणि बोलता माणूस यांत पडलेले अंतर कमी व्हावे म्हणून. समीक्षेचे कामही याहून फार निराळे नाही.

तेव्हा 'मोह' की 'परीक्षा' हा प्रारंभीचा पेच शब्दकोश सोडवू शकणार नाही, आणि सुदैवाने कवींनी तो कोशावर सोपवलाही नाही. स्टीफन्स यांनी गोडीला नवा विषय दिला. लक्ष्मीबाईंनी शुचितेच्या आड दडलेला मोह ओळखला. टिळकांनी तृप्तीच्या पोटात तहान जिवंत ठेवली. या तिघांना एकत्र वाचले तर मराठी ख्रिस्ती उपासनावाङ्मय हे मुख्य प्रवाहाला जोडलेले परिशिष्ट उरत नाही. माणसाची ओढ कशावर ठरते, या मराठी भक्तिकाव्याच्या सर्वांत जुन्या प्रश्नाची ती आणखी एक, स्वतःच्या भूमीवर उभी राहून केलेली उकल ठरते. वाङ्मयेतिहासातील तिची जागा या उकलीच्या मोलावर ठरावी, तिच्या धर्मनामावर नव्हे.